प्रेक्षकाच्या नावाने बोलणारे

मार्च 2025 च्या पहिल्या आठवड्यात बुऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या असीरगडाच्या परिसरात लोक रात्री शेतं खणताना दिसले. हातात फावडी, कुदळी, टॉर्च. काहींकडे धातू शोधायची यंत्रंसुद्धा होती. व्हिडिओ देशभर फिरले आणि सगळ्या वाहिन्यांवर एकच मथळा झळकला: 'छावा' पाहून गावकरी मुघलांचं सोनं शोधायला निघाले. 14 फेब्रुवारीला प्रदर्शित झालेल्या, संभाजी महाराजांवरच्या या चित्रपटाच्या सुरुवातीलाच मराठ्यांची बुऱ्हाणपूरवरची चाल आहे. मध्य प्रदेश सरकारने तो करमुक्त केला होता आणि जिल्ह्यात तो घरोघरी बोलण्याचा विषय झाला होता. त्यामुळे मथळा पटकन पटला. मात्र त्याच बातम्यांमध्ये खाली आणखी एक गोष्ट होती. इंदूर-इच्छापूर महामार्गाच्या कामात उकरलेली माती आजूबाजूच्या शेतांत टाकली गेली होती आणि तिच्यात जुनी नाणी सापडल्याची बोलवा लोकांमध्ये पसरली होती. म्हणजे लोकांच्या हाती कुदळ सिनेमाने दिली की त्या मातीने, हे विचारायला हवं होतं. तेवढा वेळ कुणाकडे नव्हता.

इतिहास थोडा चाळला असता तरी खणण्यातली निरर्थकता कळली असती. जानेवारी 1681 च्या अखेरीस संभाजी महाराजांच्या फौजेने बुऱ्हाणपूरवर धाड घातली. तटाबाहेरची श्रीमंत पेठ असलेलं बहादूरपूर आणि आसपासचे सतरा पुरे तिने लुटले, असं मुघल इतिहासकार खाफीखान सांगतो. असीरगड शहरापासून वीसेक किलोमीटर उत्तरेला, सातपुड्याच्या खिंडीवर आहे. तो या लुटीचा भागच नव्हता. आणि लूट इथे राहिलीही नाही; चोपड्याच्या वाटेने ती बागलाणातल्या साल्हेरच्या किल्ल्यावर गेली. जे सोनं तेव्हाच जिल्हा सोडून गेलं, ते साडेतीनशे वर्षांनी महामार्गाच्या कडेला कसं सापडणार? हे आमच्या बुऱ्हाणपुरातल्या जाणत्या माणसांना ठाऊक आहे. शहरात इतिहासाचे हौशी अभ्यासक कमी नाहीत. पण त्या दोन-चार दिवसांत कॅमेरे त्यांच्यापर्यंत क्वचितच पोचले. ते खड्ड्यांभोवतीच राहिले.

याच जिल्ह्यात त्याच्या आठ वर्षं आधी घडलेली गोष्ट याहून कितीतरी गंभीर आहे. 18 जून 2017 ला लंडनच्या ओव्हल मैदानावर चॅम्पियन्स ट्रॉफीचा अंतिम सामना झाला. पाकिस्तानने 338 धावा केल्या, भारत 158 वर आटोपला, आपण 180 धावांनी हरलो. दुसऱ्याच दिवसापासून शाहपूर पोलीस ठाण्याच्या हद्दीतल्या मोहद गावात अटकसत्र सुरू झालं. सामना बघताना पाकिस्तानच्या विजयाच्या घोषणा दिल्या, फटाके फोडले, मिठाई वाटली, असा आरोप ठेवून पंधरा मुसलमान गावकऱ्यांवर थेट राजद्रोहाचं कलम लावलं गेलं. काही दिवसांत ते कलम मागे घेऊन दोन समाजांत तेढ वाढवल्याचं दुसरं कलम आलं. ज्याच्या नावावर फिर्याद होती, तोच हिंदू शेजारी माध्यमांसमोर येऊन म्हणाला की मी अशी तक्रार केलीच नव्हती. तरी खटला सहा वर्षं चालला. तारखा, वकील, बुडालेली मजुरी. 2023 मध्ये बुऱ्हाणपूरच्या न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडलं. साक्षीदारांनी पोलिसांच्या कहाणीला दुजोराच दिला नव्हता. आरोपींपैकी एकाने त्याआधीच आत्महत्या केली होती.

एक सिनेमा, एक सामना. दोन्ही वेळा प्रेक्षक पडद्यासमोर बसला, आणि त्याने काय प्रतिक्रिया दिली हे त्याच्या वतीने दुसऱ्याच कुणीतरी ठरवलं. टीव्हीवरचे कार्यक्रम आणि नामवंतांचे वाद यांवर प्रेक्षक कसा बोलतो, या प्रश्नाकडे मी याच बाजूने बघतो. गेल्या पन्नास वर्षांतले आपल्याकडचे वाद पुन्हा वाचले तर एक गोष्ट सारखी खटकते. वाद प्रेक्षकांच्या भावनांच्या नावाने होतात, पण ज्याने ती गोष्ट पूर्ण पाहिली आणि जो स्वतःच्या नावाने बोलतोय, असा प्रेक्षक त्यांत क्वचित भेटतो.

प्रेक्षकाचा राग काही टीव्हीने जन्माला घातलेला नाही. निळू फुले गावात आले की बायाबापड्या त्यांना शिव्याशाप देत, हे त्यांनी स्वतः अनेकदा सांगितलं आहे. पडद्यावरच्या पाटलाचा राग माणसावर निघायचा आणि ते त्याला आपल्या कामाची पावती मानायचे. त्या काळात बोलायची दुसरी जागा म्हणजे पत्र. नाशिकच्या 'रसरंग'सारख्या सिनेसाप्ताहिकांची वाट गावोगावी पाहिली जायची, आणि वाचकांच्या पत्रांत नटनट्यांवरचं प्रेम आणि राग दोन्ही उतरत. पत्र लिहिणाऱ्याला नाव-गाव द्यावं लागे. दोन ओळी लिहायच्या तरी शाई, पाकीट आणि तिकीट लागे, आणि तेवढ्या वेळात राग थोडा निवत असे.

दूरदर्शनवर 'रामायण' 25 जानेवारी 1987 ला सुरू झालं आणि प्रेक्षक एकत्र काय करू शकतो याचा अंदाज पहिल्यांदा आला. रविवारी सकाळी रस्ते ओस पडत, टीव्हीला हार घातले जात, अरुण गोविलांच्या पाया पडायला लोक रांग लावत. मालिका संपत आली तेव्हा उत्तरेत सफाई कामगारांनी पुढची कथा दाखवा म्हणून काम थांबवलं, आणि नंतर उत्तररामायण आलंच. या साऱ्याचा राजकारणाला फायदा झाला हे खरं आहे. दीपिका चिखलिया 1991 मध्ये बडोद्यातून खासदार झाल्या. 'महाभारत'मधले कृष्ण नितीश भारद्वाज 1996 मध्ये जमशेदपूरहून निवडून आले. पुढे 1999 मध्ये आमच्या मध्य प्रदेशात राजगढला मात्र ते हरले. प्रेक्षक श्रीकृष्णाला नमस्कार करतो, म्हणून मतही देतोच असं नाही. राजकीय पक्षांना हे कळायला वेळ लागला.

याच काळातला 'तमस'चा खटला आजच्या प्रत्येक वादात आठवायला हवा. गोविंद निहलानींची फाळणीवरची ही मालिका जानेवारी 1988 मध्ये दूरदर्शनवर सुरू झाली आणि तिने दंगे भडकतील म्हणून मुंबई उच्च न्यायालयात अर्ज झाला. एका न्यायाधीशाने प्रक्षेपण थांबवलं. अपील न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांच्यापुढे गेलं. दोघांनी पहिली गोष्ट कोणती केली असेल, तर संपूर्ण मालिका स्वतः बसून पाहिली. मग स्थगिती उठवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि तिथेही प्रक्षेपणच टिकलं. कलाकृतीचा परिणाम कोणत्या माणसाच्या डोळ्यांनी जोखायचा, हे सांगताना न्यायालयाने नागपूर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी 1946 मध्ये ठरवलेली कसोटी उचलून धरली: समंजस, खंबीर, धीट माणसाच्या नजरेने बघा, ज्याला प्रत्येक विरोधी मतात धोका दिसतो अशा डळमळीत माणसाच्या नजरेने नको. बुऱ्हाणपूर तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडात, निमाड जिल्ह्यात होतं. म्हणजे ही कसोटी आमच्याच न्यायालयाने दिलेली होती. सत्तर वर्षांनी मोहदच्या गावकऱ्यांसाठी ती वेळेवर कुणी आठवली नाही.

मराठी वाहिन्या आमच्याकडे उशिरा पोचल्या. 1999 मध्ये अल्फा मराठी, 2000 मध्ये ई-टीव्ही मराठी, 2008 मध्ये स्टार प्रवाह. केबलवाल्याच्या मर्जीने आणि पुढे छत्र्यांच्या कृपेने त्या घरात आल्या. बुऱ्हाणपूर, शाहपूर, इच्छापूर या पट्ट्यात घरात मराठी, बाजारात हिंदी, पॉवरलूमच्या मोहल्ल्यात उर्दू, असं चालतं. रावेर आणि मुक्ताईनगर ही सोयऱ्याधायऱ्यांची गावं. मुलं हिंदी किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात. अशा घरात संध्याकाळच्या मराठी मालिका हीच कित्येकदा मुलांच्या कानावर रोज पडणारी प्रमाण मराठी असते. म्हणून इथली माणसं मालिकेबद्दल तावातावाने बोलतात तेव्हा त्यात करमणुकीपेक्षा जास्त काही असतं.

'आई कुठे काय करते' डिसेंबर 2019 पासून नोव्हेंबर 2024 पर्यंत चालली. नायिका अरुंधतीच्या नवऱ्याने, अनिरुद्धने, घटस्फोट घेऊन संजनाशी लग्न केलं तेव्हा लोकांनी त्याचं काम करणाऱ्या मिलिंद गवळींना मनसोक्त शिव्या दिल्या. ते जुन्याच वळणाचं होतं. पण 2023 मध्ये अरुंधतीचं आशुतोषशी लग्न ठरलं तेव्हा आमच्या गल्लीत खरी खडाजंगी झाली. एका ओट्यावर शेंगा सोलत बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "लेकरं लग्नाची झाली अन् हिला आता नवरा सुचला." सून आतून हात पुसत आली. "त्याने केलं तेव्हा तुम्हीच म्हणाल्या होत्या ना आत्याबाई, पुरुषाचं असंच असतं म्हणून?" त्यावर थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग शेजारच्या मावशींनी आपल्या विधवा बहिणीची गोष्ट काढली. तिला दोन स्थळं आली होती आणि भावांनी दारातूनच परत पाठवली होती. मालिका बाजूला राहिली आणि घराण्यात वर्षानुवर्षं दाबून ठेवलेला विषय ओट्यावर आला. या मालिकेवर वर्तमानपत्रांत, समाजमाध्यमांत पुष्कळ लिहिलं गेलं, पण प्रेक्षकाच्या खऱ्या प्रतिक्रियेचा इतका जिवंत नमुना मला त्यात सापडला नाही. ही प्रतिक्रिया कुठल्याही वाहिनीपर्यंत पोचली नाही, कारण तिथे माइक नव्हता.

उलटही होतं. 'माझ्या नवऱ्याची बायको'मधली नागपूरची राधिका मसाले विकत विकत 300 कोटींच्या कंपनीची मालकीण झाली, तेव्हा महाराष्ट्रभर तिची टर उडवली गेली. हसू येणं समजण्यासारखं आहे. पण वऱ्हाडी बोलणारी, गावाकडून आलेली बाई नायिका म्हणून साडेचार वर्षं रोज घरात येत होती, ही बाब हसण्याच्या भरात निसटली. आमच्याकडच्या बायकांना तिची भाषा आपली वाटायची. पुण्या-मुंबईच्या मालिकांत ती सहसा कामवालीच्या तोंडी असते. हा राग इथे अनेकींच्या बोलण्यात येतो आणि तो अगदी रास्त आहे.

मग हा प्रेक्षक मोजला तरी जातो का? टीआरपी ठरवणाऱ्या बार्क या संस्थेची मीटरं देशभरात सुमारे 58 हजार घरांत आहेत. दर आठवड्याला छापून येणारी मराठी मालिकांची क्रमवारी महाराष्ट्र-गोवा या बाजारपेठेची असते. बुऱ्हाणपूर मध्य प्रदेश-छत्तीसगढच्या खात्यात जातं. म्हणजे इथल्या घरात कुणाकडे मीटर असलं आणि तिथे रोज मराठी मालिका लागली, तरी त्या क्रमवारीत ती दिसणार नाही. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा, हैदराबाद, बेळगाव इथल्या मराठी घरांचीही हीच गत. कोणती मालिका लांबवायची, कोणती गुंडाळायची, कोणत्या पात्राला मारायचं, हे ज्या आकड्यांवर ठरतं त्यांत महाराष्ट्र-गोव्याबाहेरचा मराठी माणूस नाही. आणि 2020 मध्ये मुंबई पोलिसांनी टीआरपी घोटाळ्याचा गुन्हा नोंदवल्यावर ते आकडेही किती भरवशाचे, हा प्रश्न उभा राहिला. बार्कने वृत्तवाहिन्यांची क्रमवारी तेव्हा थांबवली. ती मार्च 2022 मध्ये पुन्हा सुरू झाली.

जिथे प्रेक्षकाला थेट मत देता येतं तिथे तो काय करतो, हे 'बिग बॉस मराठी'च्या पाचव्या पर्वाने दाखवलं. जुलै 2024 मध्ये ते सुरू झालं. निक्की तांबोळी ही स्पर्धक वर्षा उसगावकरांशी ज्या भाषेत बोलली त्यावर घराघरांतून संताप उसळला, कारण वयाने मोठ्या माणसाशी असं बोलणं आपल्याकडे खपत नाही. 6 ऑक्टोबरला जिंकला बारामती तालुक्यातल्या मोढव्याचा सूरज चव्हाण, गरिबीत वाढलेला, अडखळत बोलणारा, रीलमुळे माहीत झालेला मुलगा. अनेक जाणकारांना हा निकाल रुचला नाही. मला तो प्रेक्षकाचा सरळ निर्णय वाटतो. लोकांनी ज्याच्यात आपला भाऊ, आपला पुतण्या पाहिला त्याला मत दिलं आणि त्यासाठी कुणाचं डोकं फोडावं लागलं नाही.

ऐतिहासिक विषय आला की मात्र चित्र झपाट्याने बदलतं. 'छावा'चा ट्रेलर जानेवारी 2025 मध्ये आला. त्यात संभाजी महाराज लेझीम खेळताना दिसले आणि विरोध सुरू झाला. दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर राज ठाकरेंना भेटले आणि ते दृश्य काढून टाकलं. चित्रपट अजून कुणी पाहिलाच नव्हता. प्रदर्शनानंतर गणोजी आणि कान्होजी शिर्के यांच्या चित्रणावर शिर्के घराण्यातून आक्षेप आला, 100 कोटींच्या दाव्याचा इशारा आला, उतेकरांनी माफी मागितली. हा आक्षेप निदान चित्रपट पाहून, स्वतःच्या नावाने घेतलेला होता. पटो न पटो, त्याला उत्तर देता येतं. मार्चमध्ये औरंगजेबाची कबर हा विषय तापला. त्याची स्तुती करणाऱ्या वक्तव्यावरून आमदार अबू आझमींना विधानसभेतून निलंबित केलं गेलं. 17 मार्चला नागपुरात दंगल झाली, एक माणूस जिवानिशी गेला. दुसऱ्या दिवशी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस विधानसभेत म्हणाले की 'छावा'मुळे लोकांच्या औरंगजेबाविरुद्धच्या भावना प्रज्वलित झाल्या आहेत. मला हे विधान पटत नाही. बुऱ्हाणपुरात औरंगजेबाचा वावर किती वर्षं होता, त्याच्या बापाची बेगम मुमताज 1631 मध्ये इथेच बाळंतपणात कशी गेली, हे इथल्या शाळकरी मुलांना माहीत असतं. त्याच शहरातल्या लोकांनीही 'छावा' पाहिला आणि रडून, हळहळून ते घरी परतले. दंगल घडते ती कुणीतरी घडवतो म्हणून. तिचा भार प्रेक्षकाच्या अश्रूंवर टाकणं त्याच्यावर अन्याय करणारं आहे.

खुद्द प्रेक्षकावर हात पडल्याचं उदाहरणही आहे. नोव्हेंबर 2022 मध्ये ठाण्याच्या एका मॉलमध्ये 'हर हर महादेव'चा खेळ आमदार जितेंद्र आव्हाड आणि त्यांच्या कार्यकर्त्यांनी बंद पाडला. इतिहासाचं विकृतीकरण झालं असा त्यांचा आक्षेप होता. त्या गोंधळात तिकीट काढून आलेल्या एका प्रेक्षकाला मारहाण झाली. आव्हाडांना अटक झाली, जामीन मिळाला, राजकीय चर्चा आठवडाभर रंगली. पैसे मोजून, बायकोला घेऊन सिनेमा बघायला गेलेल्या माणसाला काय वाटलं, हे त्या चर्चेत शेवटी राहिलं. आक्षेप खरा असेल तर तो इतिहासकारांपुढे, वर्तमानपत्रांत, न्यायालयात मांडता येतो. चित्रपटगृहाच्या अंधारात तो मांडला की मार खातो तो प्रेक्षकच.

डॉ. अमोल कोल्हे यांची गोष्ट वेगळी आणि शिकण्यासारखी आहे. 'राजा शिवछत्रपती' आणि 'स्वराज्यरक्षक संभाजी' या मालिकांनी त्यांना घराघरांत नेलं. दुसरी मालिका चालू असतानाच, 2019 मध्ये, ते शिरूरमधून खासदार झाले. जानेवारी 2022 मध्ये त्यांनी 2017 साली केलेली नथुराम गोडसेची भूमिका पुढे आली आणि त्यांच्याच पक्षात फूट दिसली. आव्हाडांनी विरोध केला, शरद पवारांनी कलावंत म्हणून पाठराखण केली. कोल्हे आळंदीला इंद्रायणीच्या काठी गेले, जिथे गांधीजींच्या अस्थींचं विसर्जन झालं होतं, आणि त्यांनी आत्मक्लेश केला. आमच्याकडे संभाजी महाराज म्हणून त्यांच्या फोटोला हात जोडणाऱ्या बायका तेव्हा गोंधळून गेल्या. हे भाबडेपण म्हणून सोडून देण्यासारखं नाही. भूमिकेच्या पुण्याईवर मत मागितलं जातं तेव्हा भूमिकेचा दोषही माणसाला चिकटणार, हे नटाने आणि पक्षाने आधीच धरून चालायला हवं.

नामवंतांच्या वादांत सगळ्यात काळं प्रकरण 2020 चं. सुशांतसिंह राजपूत मराठी घरांना परका नव्हता. 'पवित्र रिश्ता'मध्ये तो देशमुखांचा मानव होता आणि समोर अर्चना होती ती इंदूरची मराठी मुलगी अंकिता लोखंडे. मध्य प्रदेशातल्या मराठी कुटुंबांना ती जोडी आपल्या नात्यातली वाटे. 14 जूनला तो गेला आणि लोक खरोखर शोकात होते. लॉकडाऊन होता, लूम बंद होते, माणसं दिवसभर टीव्हीपुढे बसलेली. वाहिन्यांनी त्या शोकाचं तीन महिने काय केलं, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. त्याची मैत्रीण रिया चक्रवर्ती हिला पडद्यावर रोज दोषी ठरवलं गेलं. 8 सप्टेंबरला अमली पदार्थांच्या प्रकरणात तिला अटक झाली, 7 ऑक्टोबरला जामीन मिळाला. सुशांतच्या नावाने खोटे ट्वीट दाखवल्याबद्दल वृत्तवाहिन्यांच्या स्वनियमन मंडळाने 'आज तक'ला माफी मागायला लावून एक लाखाचा दंड केला. जानेवारी 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने माध्यमांनी चालवलेल्या या खटल्यांवर कडक ताशेरे ओढले. आणि मार्च 2025 मध्ये सीबीआयने प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला; रियाविरुद्ध काही सापडलं नव्हतं.

बंगालची ही मुलगी काळी जादू करते, असं त्या दिवसांत आमच्याकडेही सहज बोललं गेलं. ज्यांनी ते बोललं ती वाईट माणसं नव्हेत. त्यांच्या शोकाला रोज नवा आरोपी पुरवला गेला आणि त्यांनी तो स्वीकारला. 2025 चा अहवाल आला तेव्हा त्याची बातमी एक दिवस चालली. पाच वर्षांपूर्वी तासन्‌तास ओरडलेल्या वाहिन्यांनी तितकाच वेळ देऊन चूक दुरुस्त केली नाही आणि प्रेक्षकांनी तशी मागणीही केली नाही. वाहिन्यांचं वागणं निर्लज्ज होतं. पण मागणी न करणं ही आपली, बघणाऱ्यांची कसूर आहे, आणि ती मला जास्त बोचते, कारण ती सुधारणं आपल्या हातात आहे.

हातात काय आहे ते नेमकं सांगतो, कारण बहुतेकांना ते माहीत नसतं. मनोरंजन वाहिन्यांच्या तक्रारींसाठी बीसीसीसी हे मंडळ 2011 पासून काम करतं. न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा त्याचे पहिले अध्यक्ष होते. वृत्तवाहिन्यांसाठी एनबीडीएसए हे वेगळं मंडळ आहे. जून 2021 मध्ये केबल टीव्हीचे नियम बदलले आणि तक्रारीच्या तीन पायऱ्या ठरल्या. आधी वाहिनीकडेच लेखी तक्रार करायची. तिने 24 तासांत पोच द्यायला हवी आणि 15 दिवसांत निर्णय कळवायला हवा. समाधान झालं नाही तर तिच्या स्वनियमन मंडळाकडे जायचं, त्यानंतर केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या समितीकडे. वकील लागत नाही. कार्यक्रमाचं नाव, वाहिनी, तारीख, वेळ आणि आक्षेप नेमका कोणत्या दृश्यावर किंवा वाक्यावर, एवढं लिहावं लागतं. ही मंडळं वाहिन्यांनीच नेमलेली आहेत आणि त्यांचे दंड तुटपुंजे असतात, ही टीका खरी आहे. तरी सुशांत प्रकरणात माफी मागायला लावली ती अशाच मंडळाने.

या तक्रारीत तमसच्या न्यायमूर्तींची शिस्त आपोआप येते. तारीख, वेळ आणि दृश्य लिहायचं तर कार्यक्रम पाहिलेला असावा लागतो. नाव द्यायचं तर आपण काय म्हणतोय याचा विचार करावा लागतो. कौतुकही असंच लिहून पाठवता येतं. गावाकडची बोली नायिकेच्या तोंडी द्या, बाईच्या दुसऱ्या लग्नाची गोष्ट आणखी नीट दाखवा, हे वाहिनीला कळवण्याचा महाराष्ट्र-गोव्याबाहेरच्या मराठी माणसापुढे दुसरा मार्गच नाही, कारण मराठीच्या त्या क्रमवारीत तो धरलेला नाही.

बुऱ्हाणपूर, खंडवा, इंदूर, देवास, जिथे कुठे मराठी मंडळ आहे तिथे माझी एक विनंती आहे. गणेशोत्सवात नाच-गाण्यांच्या स्पर्धा होतातच. एक संध्याकाळ यासाठी ठेवा. लोकांना आवडलेल्या आणि खटकलेल्या कार्यक्रमांवर बोलू द्या, त्यांच्याकडून तिथेच पत्रं लिहून घ्या, मराठीतच, आणि प्रत्येकाच्या सहीनिशी वाहिन्यांना पाठवा. त्यांतल्या तक्रारींना पंधरा दिवसांत उत्तर देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे.